प्रतिसाद: आकडा बरा, तरी पहाटे घसा का खवखवतो?

ॲपवर जळगावचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, जास्त म्हणजे हवा वाईट) ९०-१०० दिसतो, मग गावात पहाटे घसा का खवखवतो, असं वर विचारलंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवरचा धूलिकणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो आणि तोही त्या मोजणी केंद्रापुरता. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत अडकते. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवल्या की धूर ऊन तापेपर्यंत गावावरच बसतो, सरासरीत तो चढ बुजतो. म्हणून धुराचा वास आला की आकडा काहीही असो, खिडक्या लावा, दुपारी उघडा.

दोन ॲपची तुलना करू नका. पीएम २.५ (अगदी बारीक धूलिकण) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या भारतीय मोजपट्टीवर एक्यूआय १००, अमेरिकन मोजपट्टीवर दीडशेच्या वर!

रुमाल, उपरणं हे बारीक कण अडवत नाहीत. एन-९५ मास्क घ्या, दोन्ही पट्टे डोक्यामागे, नाकावरची पट्टी दाबून बसवा. श्वास सोडताना चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतोय. दाढी असली तरी गळतो. दम्याच्या माणसांनी पहाटेचं फिरणं उन्हावर ढकलावं, पंप (इनहेलर) खिशात ठेवावा.

आणि पऱ्हाट्या जाळूच नका, श्रेडर यंत्राने बारीक करून जमिनीत गाडा.