स्टान्स आणि फूटवर्कसाठी जमिनीवर खुणा कशा करायच्या?

काटकोन:
मी शोतोकान कराटे शिकतेय. उभी असताना झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताणून उभं राहायचा स्टान्स) बरी जमते पण चालायला लागले की दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि कोणी जरा धक्का दिला तरी बाजूला कलंडते. घरी मोठा आरसा नाही, म्हणून जमिनीवर पट्ट्या चिकटवायचा विचार आहे. किती अंतरावर लावू? पावलं छापलेल्या रेडिमेड मॅट मिळतात त्या घ्याव्यात का?

टाच_जमिनीवर:
मॅट नका घेऊ, ती पावलं कोणाच्या मापाची आहेत कोण जाणे. माप तुमच्या खांद्यांवरून घ्या. दोन समांतर लांब पट्ट्या लावा, मधे खांद्यांइतकं अंतर, डावा पाय कायम डाव्या पट्टीवर आणि उजवा उजव्या. लांबीला खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट अंतरावर आडव्या खुणा. वजन पुढच्या पायावर ६०-७० टक्के, पुढचा गुडघा पावलाच्या दिशेतच राहायला हवा, आत पडू देऊ नका.
आता तुमचा मूळ प्रॉब्लेम. पुढे जाताना मागचा पाय आधी आत, उभ्या पायाजवळ येतो आणि मग परत बाहेर जातो, हे दुसरं अर्धं वळण बहुतेकांचं राहून जातं आणि पाय सरळ पुढे पडतो. म्हणून दोन पट्ट्यांच्या मधोमध खडूने एक पुसट रेष काढा. पाय तिच्यापाशी येऊन पुन्हा आपल्या पट्टीवर गेला पाहिजे.
कोकुत्सु-दाचीला (मागच्या पायावर वजन ठेवायचा स्टान्स) मात्र एकच पट्टी पुरते, दोन्ही टाचा तिच्यावर, वजन ७० टक्के मागे.

गार्ड_वर:
पट्टी मास्किंग टेपच घ्या, पेंटर लोक वापरतात ती. इलेक्ट्रिकच्या टेपचा गोंद फरशीला राहतो आणि अनवाणी पायाला चिकटतो. दोरी वगैरे अजिबात नको, अडखळायला होतं.
मी बॉक्सिंगवाला. आमच्याकडे एकच मधली रेष, पुढच्या पायाचा अंगठा आणि मागच्या पायाची टाच तिला दोन बाजूंनी जेमतेम टेकलेली. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा आधी, डावीकडे डावा आधी. प्रत्येक पावलानंतर थांबून दोन पायांतलं अंतर तेवढंच आहे ना ते बघायचं. अँगल घ्यायला, म्हणजे समोरच्याच्या बाजूला तिरकं जायला, व्ही काढतो, टोकाशी आपण, उघड्या बाजूला समोरचा, आणि व्हीच्या एका हातावरून तिरकं पुढे जायचं. फिलिपिनो काठीवाल्यांचे त्रिकोण याच जातीचे.

मधली_रेघ:
वरचं सगळं पटलं पण एक सांगतेच, आमच्या क्लासमध्ये मुलांना पट्ट्यांवर सोडलं की सगळ्यांच्या माना खाली जातात आणि तीच सवय कुमितेमध्ये, म्हणजे जोडीदाराशी लढताना, येते. नजर समोर भिंतीवर एका खुणेला ठेवा, पाऊल टाका, जागीच गोठा, आणि मगच खाली बघा. पट्टी ही नेम धरायला नाही, नंतर तपासायला आहे. जमायला लागलं की आधी आडव्या खुणा काढून टाका.
हेइआन शोदान ही काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) करताना तर सुरुवातीच्या जागेची एकच खूण ठेवा, शोतोकानमध्ये ही काता तिथेच संपते, दुसरीकडे संपली तर कुठेतरी स्टान्स आखूड किंवा लांब झालाय.

काटकोन:
खूपच कामाचं आहे हे. पण मावात्ते (मागे वळणं) घेतल्यावर पाय पट्टीवर येतच नाही, वळल्यावर कुठे पडायला हवा?

टाच_जमिनीवर:
बाहेर! डावा पाय पुढे असेल तर मागचा उजवा पाय डाव्या पट्टीच्याही पलीकडे, खांद्यांइतका आणखी बाहेर गेला पाहिजे, म्हणजे एकूण खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट सरकतो, मग उजवीकडून वळायचं. दोन पट्ट्यांच्या आतच वळायला गेलात तर पाय एका रेषेत येणारच. दोन्ही बाजूंना एकेक जादा पट्टी लावा, आणि वळताना टेपची कड चवड्याखाली येत असेल तर तेवढा तुकडा काढून खडू वापरा.