विषय: आइंडहोवनमध्ये (नेदरलँड्स) भरवशाचा सायकलवाला

नमस्कार मंडळी,

आइंडहोवनमध्ये कुणी भरवशाचा सायकल दुरुस्तीवाला सुचवेल का? मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या साइटवरून जुनी गझेल सायकल घेतली, १५० युरोला. मागचं चाक पंक्चर झालं म्हणून एका दुकानात नेली, तर काउंटरवरच्या मुलाने सायकलकडे नीट बघितलंसुद्धा नाही. ट्यूब, टायर, चेन, मागचं दातेरी चक्र, सगळंच बदलावं लागेल म्हणाला. खर्च १८० युरो! आमच्याकडे आता "नवीच घे ना" सुरू झालंय. मला ते पटत नाही, सायकल छान चालते.

अनघा

---

अनघा, स्वापफिट्स घेऊन टाक. पुढचं टायर निळं, महिन्याचं भाडं भरायचं, पंक्चर त्यांनी काढायचं. डोक्याला ताप नाही.

राहुल, डेल्फ्ट

---

राहुल, तिने सायकलवाला विचारलाय, भाड्याची सायकल नाही.

अनघा, आधी पंक्चरचं बघू. या डच सायकलींना चेनकेस, हबमध्ये ब्रेक, मडगार्ड, स्टँड असा सगळा संसार असतो. मागचं चाक काढून परत बसवायचं तर बराच वेळ जातो, आणि पैसे त्या वेळेचेच असतात. म्हणून मुरलेला फिट्सनमाकर (इथला सायकलवाला) चाक काढतच नाही. टायर एका बाजूने रिमवरून उतरवतो, ट्यूब बाहेर ओढतो, पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, घासून ठिगळ लावतो. आपल्याकडे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला करायचा तेच. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल किंवा आधीच ठिगळावर ठिगळ असेल, तर मात्र ट्यूब बदला म्हणणारा खरं बोलतोय.

चेनचं तू घरीच तपासू शकतेस. चेनकेसचं मागचं झाकण निघत असेल तर काढ आणि चेन ताणून पट्टी लाव. एका पिनच्या मध्यापासून मोजायला लागलीस की २४ कड्या बरोबर १२ इंचांत, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटरमध्ये बसायला हव्यात. १/१६ इंच जास्त भरलं तर झीज सुरू झालीय, पण हब गिअरची सायकल तेवढ्यावर अजून चालते. १/८ भरलं तर चेन गेली. मग चक्राचे दातही बघ, एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर तेही गेले. हे न बघता चारही गोष्टी बदला म्हणणाऱ्याला माल खपवायचा असतो. माझं मत.

चांगला दुकानदार सायकल आधी स्टँडवर चढवतो, चाक फिरवून आऊट म्हणजे वाकडं झालंय का बघतो, हब हलवून छर्रे वाजतात का ते ऐकतो, मग आकडा सांगतो. काम वाढलं तर फोन करतो, परस्पर उरकत नाही. "जुने पार्ट मला परत द्या" असं आधीच सांगून ठेव. खरोखर बदलणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही.

दारावर बोवागची, म्हणजे दुकानदारांच्या संघटनेची, पाटी आहे का बघ. पाटी आहे म्हणजे कारागीर उत्तम, असं नाही हं. भांडण झालं तर तक्रार न्यायला जागा आहे, इतकंच. बिलावर दुरुस्तीला ९ टक्के बीटीडब्ल्यू (इथला व्हॅट) लागतो, २१ नाही. (सोबत कुलूप विकत घेतलंस तर त्यावर २१ लागेल, तिथे वाद घालू नकोस.)

सोमवारी जाऊ नकोस, निम्मी दुकानं बंद असतात. आणि वसंतात ऊन पडलं की अख्खा देश सायकली बाहेर काढतो, तेव्हा तारखा लांबच्या मिळतात.

हो, आणि मार्क्टप्लाट्सवर घेतलीस म्हणून सांगतो: फ्रेम नंबर पोलिसांच्या स्टॉपहेलिंग या चोरीच्या वस्तू तपासायच्या साइटवर टाकून बघ. चोरीची निघण्यापेक्षा चेन झिजलेली परवडली.

श्रीकांत

---

श्रीकांतकाकांशी सहमत, पण हे सगळं साध्या सायकलीपुरतं. माझ्या ई-बाईकला आमच्या कोपऱ्यावरच्या आजोबांनी हात लावायलाच नकार दिला. तेव्हा राग आला, आता वाटतं प्रामाणिक माणूस. बॉशची मोटर असेल तर एरर वाचायला डीलरचा संगणक जोडावा लागतो, तो त्यांच्याकडे नाहीच. काही दुकानं तर स्वतः न विकलेली ई-बाईक घेतच नाहीत. घेतानाच विचारायचं: दुरुस्ती कुठे?

अनघा, ठिगळ लावायला शिकायचं असेल तर रिपेअर कॅफे शोध. मार्टिने पोस्टमा यांनी २००९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये पहिला भरवला, आता गावोगावी असतात. आपण शेजारी बसायचं, पाना हातात घ्यायचा. घाई असेल तर मात्र जाऊ नकोस, गप्पा फार.

मृणाल, उट्रेख्त

---

काका, मोजलं! ३०.६ भरतंय. म्हणजे १/१६ सुद्धा नाही ना? फ्रेम नंबरही स्वच्छ निघाला. आता फक्त पंक्चर. तुमच्या सायकलवाल्याचा पत्ता?

अनघा

---

नाही भरत. चेनला तेल घाल आणि वापर. मंगळवारी सकाळी जा, "फक्त पंक्चर" म्हणून सांग. पत्ता तुला वेगळा पाठवतो. एकटाच आहे बिचारा, लिस्टवर टाकला तर माझाच नंबर लागायचा नाही.

श्रीकांत