कॉफीच्या मळ्यातली गाविओता: मजूर बाईचा मान की नुसती सजावट?

ओसरी:
कोलंबियात आरसीएन या निर्मितीसंस्थेने १९९४ मध्ये आणलेली ‘काफे कोन आरोमा दे मुहेर’, म्हणजे ‘स्त्रीच्या सुगंधाची कॉफी’, ही दूरचित्रवाणी मालिका आणि तिची २०२१ ची नवी आवृत्ती पाहून माझे मत असे झाले आहे की, कॉफी वेचणाऱ्या बाईला या प्रेमकथेने दिला तेवढा मान कोणत्याही जाहिरातीने दिला नव्हता. १९५९ पासून कोलंबियन कॉफीचा जगभरचा चेहरा होता ख्वान वाल्देस, खेचर घेऊन उभा असलेला मिशाळ शेतकरी, आणि तोही जाहिरातवाल्यांनी घडवलेला. लेखक फेर्नान्दो गाइतान यांनी (आपली ‘जस्सी जैसी कोई नहीं’ त्यांच्याच दुसऱ्या एका मालिकेवरून घेतलेली) नायिका केली ती हंगामापुरती आईबरोबर मळ्यावर येणारी गाविओता. मळेवाल्याच्या नातवावर तिचे प्रेम जडते खरे, पण ती वर येते ती खोट्या नावाने का होईना, राजधानी बोगोतातल्या कॉफी निर्यात कंपनीत नोकरी धरून आणि तो धंदा शिकून.

बांधावरून:
आपले म्हणणे मला पटत नाही. कोलंबियात कॉफी पिकवणारी बहुतेक कुटुंबे जेमतेम काही एकरांची धनी आहेत. मालिकेत मात्र दिसतो तो मोठा वाडा आणि घराण्यातली भांडणे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली, कोणत्या देशाने किती निर्यात करायची हे ठरवणारी कोटापद्धत मोडून भाव कोसळले, त्याचा मार या लहान शेतकऱ्यांनी खाल्ला. वेचणीचे काम तर आणखी चिवट: कमरेला टोपली बांधून उभ्या उतारावर पाय रोवायचे, लाल फळ तेवढे खुडायचे, हिरवे फांदीवरच ठेवायचे आणि ते पिकले की त्याच झाडाकडे परत यायचे, मजुरी किलोवर. पडद्यावर यातले काही क्षण येतात आणि लगेच चुंबनाची वेळ होते. शिवाय मेक्सिकोने २००७ मध्ये हीच कथा ‘देस्तिलान्दो आमोर’ म्हणून केली, तेव्हा कॉफीच्या जागी अगावे, म्हणजे टकिला ही दारू जिच्यापासून करतात ती वनस्पती, आली आणि कथेचे काहीही बिघडले नाही. पीक असे सहज बदलता येत असेल, तर ते नुसता मागचा देखावाच ठरते.

ओसरी:
लहान शेतकऱ्यांबाबतची आपली हरकत मान्य; वाडा मलाही खटकला होता. मेक्सिकोचा दाखला मात्र माझ्याच बाजूने पडतो, कारण तिथे पीक बदलले तरी नायिका अगावे तोडणारी मजूरच राहिली. तिला शेतमालकाची मुलगी केले असते तर कथा उभीच राहिली नसती, हे तिकडच्या निर्मात्यांनाही कळले होते.

बांधावरून:
नायिका मजूर राहते, पण कुठपर्यंत? ती कार्यालयात पोचली की टोपली तिच्या आईच्या आठवणीपुरती उरते. आपल्याकडे बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात आणि त्यांनी आगाऊ घेतलेली उचल कित्येकदा पुढच्या हंगामातही फिटत नाही; अशा बाईची कथा फड सोडल्यावरच रंजक होते, असे मालिकावाले धरून चालले, तर त्याला मी मान म्हणणार नाही.