मदत हवी आहे: खानापूरकडच्या जुन्या जांभ्या दगडाच्या घराबद्दल

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेतात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या हातभर जाड भिंती, चुन्याचे सांधे, पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं. सोप्याचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर अजून ताठ उभे आहेत.

कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा शिक्का आहे. त्यांचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ सालचा, म्हणजे कौलं त्यानंतरची. भिंती मात्र जुन्या वाटतात, कारण वाशांच्या खाली आधीच्या, बुटक्या छपराच्या खाचा दिसतात.

पावसाच्या बाजूच्या भिंतीला मागे कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलाय. जांभा पाणी पितो, आता ते बाहेर पडायला वाट नाही. आतून ओल येते, बोट लावलं की दगडाचा भुगा पडतो. पाडून स्लॅब घाला म्हणणारे पुष्कळ आहेत, पण मला घर वाचवायचंय.

बेळगाव-चंदगड भागात चुन्याचं काम जाणणारा गवंडी कुणाच्या ओळखीत आहे का? घरातले मोडी कागद वाचून देणारं कुणी? आणि १९५६ च्या आधीचे, आपण मुंबई राज्यात होतो तेव्हाचे, जमिनीचे उतारे कुठल्या कचेरीत मिळतात? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.