सागवानी टेबलाची फळी उन्हाळ्यात का चिरली

पावसाळ्यात केलेल्या टेबलाची फळी एप्रिलमध्ये चिरली, म्हणजे सागवान वाईट निघालं असं नाही. ती खालच्या, पाय जोडणाऱ्या चौकटीला चारही बाजूंनी सरस लावून स्क्रूने आवळली, तिथे चुकलं. पुण्यात लाकूड जुलैत फुगतं, मेपर्यंत आक्रसतं. 900 मिमी रुंदीची फळी आडवी पाचसहा मिमी सहज हलते. लांबीत जवळजवळ नाहीच.

चौकटीला आतून 10 मिमी खोल खाच पाडा. लाकडी गुटक्याची जीभ, म्हणजे पुढे आलेली पातळ कड, तिच्यात अडकवा आणि गुटका फक्त फळीला स्क्रू करा, सरस अजिबात नको. चौकटीच्या लांब पट्ट्यांकडे जिभेपुढे 4 मिमी मोकळे ठेवा.

पायातलं कुसू, म्हणजे पायाच्या खाचेत बसणारं पट्टीचं टोक, पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश, 36 ला 12 मिमी. हाताच्या दाबाने बसायला हवं. ठोकावं लागलं तर पाय फाटेल, पटाशीने पापुद्राभर उतरवा.