पेटंट मंजुरीआधीची हरकत: २०२४च्या नियमांनंतर काय उरलं?

प्रश्न:
मार्च २०२४च्या पेटंट नियमांनी मंजुरीपूर्व हरकतीला फी लावली. शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे का, हे आधी कंट्रोलर (पेटंट कार्यालयातला निर्णय देणारा अधिकारी) ठरवणार. पेटंट कायदा मात्र ‘कोणीही’ हरकत घेऊ शकतं असंच म्हणतो. एखाद्या रुग्णसंघटनेला औषधाच्या दुय्यम पेटंटला (म्हणजे आधीच माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपावरच्या पेटंटला) आव्हान द्यायचं तर तयारी कशी करावी? आणि ही सुधारणा तुम्हाला पटते का?

उत्तर १:
पेटंट कायद्याच्या कलम २५(१)चा, म्हणजे मंजुरीआधी हरकत घेण्याचा, हक्क शाबूत आहे, उंबरठा उंच झालाय. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट देता येत नाही. हमखास वेळ तेवढाच धरा. हरकत फॉर्म ७-ए वर. पहिल्याच पानावर तक्ता हवा: दावा क्रमांक (अर्जदार ज्यावर हक्क सांगतो तो मुद्दा), हरकतीचा आधार, पुराव्याचा कागद व त्याची तारीख. ‘औषध महाग होईल’ एवढंच लिहिलं तर हरकत दारातच अडते, कारण किंमत हा २५(१)मधला आधारच नाही.

जुन्याच औषधाच्या नव्या क्षारावर (सॉल्टवर) अर्ज असेल तर कलम ३(डी) लावा: माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला गुण वाढल्याशिवाय पेटंट नाही. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. टिकाऊपणा वाढला, ओल कमी शोषली, एवढ्याने भागत नाही. क्षयावरच्या बेडाक्विलीनच्या फ्युमरेट क्षाराचा अर्ज मुंबई कार्यालयाने मार्च २०२३मध्ये फेटाळला, तो क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींच्या हरकतीवर. मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२३ऐवजी २०२७पर्यंत गेली असती. अशा लोकांना फी आणि चाळणी लावणं मला चूक वाटतं.

उत्तर २:
दुसरी बाजूही खरी आहे. निकाल तोंडावर आला की नव्या नावाने आणखी एक हरकत येते, असं होतं. पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे रखडलेला प्रत्येक महिना अर्जदाराचा जातो. पण त्यावर उपाय चाळणी नव्हे. प्रसिद्धीनंतर हरकतीला ठरावीक मुदत घाला, आणि तीही संसदेत कायदा बदलून. नियमांच्या आडून नको.

उत्तर ३:
फॉर्म २७ विसरू नका. पेटंट देशात वापरात आहे का, ही माहिती पेटंटधारकाला त्यात दरवर्षी द्यावी लागे, आता याच नियमांनी तीन वर्षांतून एकदा. २०१२मध्ये नेक्साव्हार या कर्करोगावरच्या औषधावर सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते बनवायची परवानगी) मिळाला, महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. त्या आदेशात पेटंटधारक कंपनीच्याच फॉर्म २७मधले आकडे वापरले होते. सक्तीच्या परवान्याचा अर्ज मंजुरीनंतर तीन वर्षांनी करता येतो; नेमके तेव्हाच ताजे आकडे हाती नसतील.

उत्तर १ (पुन्हा):
बरोबर. मंजुरीनंतरची वाटही अवघड, म्हणून चाळणीत हरकत नाकारायचं पत्र आलं, तर सुनावणी मागाच. न मागता गप्प बसलात तर कंट्रोलर तसाच आदेश काढू शकतो.