सही असली तरी एपीटीची आवृत्ती बघाच
एपीटी म्हणजे डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन. पॅकेजांच्या हॅशच्या (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यादीवर जीपीजी ही डिजिटल सही असतेच, मग मिरर (पॅकेज पुरवणारा सर्व्हर) साध्या एचटीटीपीवर असला तरी बिघडत नाही, असं म्हटलं जातं; ते एरवी बरोबर. पण जानेवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१९-३४६२ या एपीटीतल्या सुरक्षा-त्रुटीने नेमका तोच भरवसा मोडला. एपीटीत डाउनलोडची प्रोसेस वेगळी असते आणि उतरलेल्या फाइलचा हॅश तीच मुख्य प्रोसेसला कळवते. सर्व्हरने ‘फाइल दुसऱ्या पत्त्यावर आहे’ असं सांगितलं (रीडायरेक्ट), की तो पत्ता डीकोड होऊन तसाच त्या निरोपात जायचा. पत्त्यात नवी ओळ दडवली की नेटवर्कमध्ये मधेच बसलेल्या हल्लेखोराला ‘फाइल उतरली, हॅश अमुक’ असा खोटा निरोप घुसडता यायचा. सही खरी, यादीतला हॅश खरा, डिस्कवरची फाइल मात्र भलतीच. आणि ती रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या पूर्ण अधिकारांनी, इन्स्टॉल होणार!

हिंजवडीतल्या बिल्ड सर्व्हरवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये डेबियन ९ च्या जुन्या इमेज असतील तर आवृत्ती तपासा. दुरुस्ती १.४.९ मध्ये आहे. त्याआधीची असेल तर नेहमीसारखं अपग्रेड मारू नका, कारण ते त्याच भोकातून उतरतं. अपडेट आणि अपग्रेड, दोन्ही वेळा ‘अक्वायर::एचटीटीपी::अलाउरिडायरेक्ट’ हा पर्याय फॉल्स द्या, म्हणजे रीडायरेक्ट बंद होतं. प्रॉक्सीमुळे ते अडलं, तर एपीटीच्या नव्या आवृत्तीची डेब (पॅकेज) फाइल दुसऱ्या मशीनवर एचटीटीपीएसने उतरवा, तिचा शा-२५६ हॅश जुळवा आणि डीपीकेजी या कमांडने थेट बसवा.